किल्ली आतच राहिली

उन्हाळ्याच्या सुटीत ज्या घरात पत्त्यांचा डाव मांडला गेला नाही असे मराठी घर, मग ते पुण्यात असो, बडोद्यात असो की आमच्या इंदुरात असो, क्वचितच सापडेल. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट, तीनशेचार अशा पायऱ्या चढत आम्हीही वाढलो, आणि पुढे नोकरीच्या वयात ब्रिजच्या ओसरीवर येऊन जे बसलो ते आजतागायत उठलो नाही. 'आम्ही' म्हणजे रामबागेतील तीन निवृत्त गृहस्थ. एक शाळामास्तर, एक बँकेतील अधिकारी आणि एक पाटबंधारे खात्यातील अभियंता. पूर्वी आम्ही चौघे होतो. चौथी जागा रिकामी झाल्यावर तेथे येऊन बसणाऱ्या नवख्या खेळाडूस काय सांगावे, किती सांगावे आणि केव्हा सांगू नये, हे शिकण्यास आम्हास उतारवय उजाडावे लागले. ते शिक्षण कसे झाले, ते वाचकांपुढे मांडावे असे वाटते.

ज्यांना ब्रिज ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बावन्न पाने चौघांत वाटली की प्रत्येकी तेरा येतात. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. आधी बोली होते, म्हणजे तेरापैकी किती हात करून दाखवू ते सांगावयाचे. जी बोली शेवटची ठरते ती प्रथम बोलणारा खेळतो, आणि त्याचा भिडू आपली पाने टेबलावर उघडी मांडून स्वस्थ बसतो. आज हा खेळ ज्या रीतीने मांडला जातो तिचे गुणलेखन हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने १९२५ साली एका जलप्रवासात बसविले. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक असे गुण मोजले की साऱ्या पत्त्यांत मिळून चाळीस होतात. एवढ्या हिशेबावर माणसे जन्मभर भांडू शकतात. आम्ही त्याचे जिवंत दाखले आहोत.

१९८८ पासून दर शनिवारी सायंकाळी आमच्या चौथ्या भिडूच्या घरी डाव बसे. सहाला पहिला डाव, साडेसातला पोहे आणि शेव, आणि मधूनमधून चहा. वहिनी स्वयंपाकघरातून दाराशी येत आणि एवढेच विचारीत, "चहा आता, की डाव संपल्यावर?" हातात पाने असताना कपाचा व्यत्यय नको म्हणून आम्ही म्हणत असू, "डाव संपल्यावर." बत्तीस वर्षांत या प्रश्नोत्तरात फरक पडला नाही.

मध्यंतरी २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला, आणि प्रणब बर्धन व शिवनाथ सरकार या आपल्या जोडीने पुरुष दुहेरीत सुवर्णपदक मिळविले. बर्धन तेव्हा साठीचे होते. ते वृत्त वाचल्यावर आमच्या घरची तरुण मंडळी पत्त्यांकडे किंचित आदराने पाहू लागली. तथापि बसून शिकावयास मात्र कोणी आले नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एका गल्लीतील चार माणसे चार गावांची झाली. मास्तरांच्या नातवाने आम्हा चौघांना ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर नेऊन बसविले. तेथे पडद्यावर हिरवे टेबल असते, पाने आपोआप वाटली जातात, आणि प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याच्या देशाचा झेंडा दिसतो. रंग हाती असता दुसरे पान टाकणे, पाळी नसताना खेळणे असले प्रमाद तेथे घडूच शकत नाहीत, कारण यंत्र ते पान उचलू देत नाही. प्रत्येकाने आपण नवशिके आहो, मध्यम आहो की निष्णात आहो, हे स्वतःच लिहावयाचे असते. आम्ही सर्वांनी, विचार न करता, 'निष्णात' लिहिले. टेबलाभोवती प्रेक्षकही बसू शकतात. आमच्याही टेबलाशी एखाददुसरे अनोळखी नाव दिसे. त्यांच्याकडे लक्ष देण्याइतकी सवड निष्णातांस कोठून असणार?

२०२१ च्या उन्हाळ्यात आमचा चौथा भिडू गेला. त्या दिवसांत कोणाच्या दारी जाऊन बसण्याचीही सोय नव्हती. पुढे वहिनी मुलीकडे बडोद्यास गेल्या. दोन महिने शनिवार नुसतेच आले आणि गेले. मग एके दिवशी आम्ही तिघे पुन्हा त्या हिरव्या टेबलाशी बसलो आणि चौथी जागा खुली ठेवली. कोणीही यावे आणि बसावे.

पुष्कळ आले आणि गेले. त्यांतील एकाविषयी मात्र सांगितलेच पाहिजे. नावाशेजारी तिरंगा होता आणि नावाखाली प्रामाणिकपणे 'नवशिका' असे लिहिलेले होते. तो पुरुष होता की स्त्री, वीस वर्षांचा की सत्तरीचा, हे आम्हास आजही ठाऊक नाही. पहिले तीन डाव बरे गेले. चौथ्या डावात त्याने तीन बिनहुकमीची बोली केली. या बोलीत हुकूम नसतो आणि नऊ हात करावे लागतात. बाकीच्या रंगांत मिळून त्याचे चार हात खात्रीचे होते. चौकटचे त्याच्याकडे एक्का आणि राणी, आणि समोरच्या उघड्या पानांत राजा, गुलाम, दश्शी, सत्ती, चौकी. म्हणजे चौकटचे पाच हात, एकूण नऊ. डाव हातात होता.

त्याने एक्का वाजविला, मग राणी वाजविली, दोन्ही हात जिंकले, आणि तेथेच तो अडकला. समोर राजा, गुलाम, दश्शी तशीच उरली होती, पण तेथवर पोहोचण्यास त्याच्याकडे चौकटचे एकही पान राहिले नव्हते, आणि उघड्या पानांत दुसरे कोणतेही जिंकणारे पान नव्हते. युक्ती अशी होती की राणी टाकताच समोरून आपलाच राजा तिच्यावर टाकावयाचा, म्हणजे पाळी समोर जाते आणि गुलाम, दश्शी, शेवटी सत्ती, अशी सारी पाने ओळीने चालतात. आपल्याच राणीचा आपल्याच राजाने बळी घ्यावयाचा ही गोष्ट नवख्याच्या जिवावर येते. आमच्याही आली होती. नऊ व्हावयाचे तेथे त्याचे सहाच हात होणार, हे सर्वांना दिसून चुकले.

शेवटची पाने खाली पडण्याच्या आधीच आमचे लिहिणे सुरू झाले. बँकवाल्यांनी लिहिले, "पहिले पान टाकण्याआधी हात मोजावयास नकोत काय?" अभियंत्यांनी लिहिले, "राणीवर राजा. हे तर पहिल्या धड्यातले आहे." मास्तरांनी त्याची बोलीच मुळात कशी चुकली याचे चार ओळींत विवरण केले. दुर्दैव असे की तिन्ही सल्ले बरोबर होते. उत्तरादाखल 'क्षमस्व' अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द आला. मास्तरांचे विवरण चालूच होते. तो शब्द पुन्हा एकदा आला, आणि मग ती जागा रिकामी झाली. डाव पुरा व्हावा म्हणून तेथे यंत्र बसविण्यात आले. त्या रात्री आम्ही आणखी सहा डाव यंत्राबरोबर खेळलो. यंत्र चुकले तरी त्यास कोणी काही लिहिले नाही. यंत्रास लाज नसते, त्यामुळे त्याला सल्ला देण्यात गोडीही नसते. हे आमच्या ध्यानी आले तेव्हा आम्ही तिघेही जरा गप्प झालो.

शहाण्याला शब्दाचा मार असे आपण म्हणतो. येथे तो नवखा शहाणा होता, आणि शब्दांचाच मार त्यास बसला होता. समोरासमोर बसलेले असताना "असे का खेळलात?" या प्रश्नात कुतूहल असू शकते. आवाज असतो, चेहऱ्यावर हसू असते, पाठीवर हात ठेवता येतो. पडद्यावर तेच तीन शब्द फिर्यादीसारखे दिसतात. परंतु खरे कारण याहूनही खोल होते. आम्ही जे लिहिले ते त्याने शिकावे म्हणून लिहिलेच नव्हते. तिघांपैकी प्रत्येकास, आपल्यालाही ते दिसले होते, हे उरलेल्या दोघांस दाखवावयाचे होते. नवख्याची चूक हा आमचा फळा झाला होता.

जानेवारी २०२२ मध्ये एका रविवारी बडोद्याहून वहिनींचा दूरध्वनी आला. ख्यालीखुशाली झाली आणि त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमची चौथी जागा अजून रिकामीच आहे ना? मी बसू का?"

आम्ही निरुत्तर झालो. नकार द्यावयाचा होता म्हणून नव्हे. बत्तीस वर्षे ही स्त्री आमच्या खुर्च्यांमागून ये-जा करीत होती. चौघांतले कोणी आजारी पडले की आम्ही गल्लीत भिडू शोधत फिरत असू, नाही मिळाला तर डाव रद्द करून नुसते पोहे खाऊन घरी जात असू, पण "वहिनी, तुम्ही बसता का?" असे विचारण्याचे आमच्यापैकी एकाच्याही मनात कधी आले नव्हते. ज्या घरात टेबल होते, पत्ते होते, शनिवार होता, त्या घरात नवा खेळाडू आम्हास कधी दिसलाच नाही, आणि आता आम्ही तो साऱ्या जगात शोधत होतो.

"खेळ येतो का तुम्हांला?" मास्तरांनी कसेबसे विचारले.

"ऐकून ऐकून गुण मोजता येतात. पाने कधी हातात धरली नाहीत. पण मुलीच्या टॅबवर गेले कित्येक शनिवार तुमच्या टेबलाशी बसून पाहते आहे. त्या बिचाऱ्या नवख्याचे तुम्ही काय केलेत तेही पाहिले."

प्रेक्षकांतील ते अनोळखी नाव कोणाचे होते ते असे कळले.

वहिनींनी पुढे अटी घातल्या, आणि त्या आम्ही शब्दशः लिहून ठेविल्या आहेत. "डाव चालू असताना मला कोणी काही सांगायचे नाही. डाव संपल्यावर तुमच्यापैकी एकानेच बोलायचे, आणि तेही एकच गोष्ट. शिवाय आधी विचारायचे, सांगू का म्हणून. मी नको म्हटले तर राग मानायचा नाही. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पुरणपोळी लाटायला देत नाहीत, भाऊजी. आधी कणीक मळू देतात. आणि चार सासवा भोवती उभ्या राहिल्या तर साधी कणीकसुद्धा सैल होते."

पहिली अट तर खेळाच्या नियमांतच आहे. डाव चालू असता भिडूस शब्दाने, सुराने वा चेहऱ्याने काही सुचविणे ब्रिजमध्ये निषिद्ध आहे. बोलीचा अर्थ सांगावयाचा असेल तर तो प्रतिस्पर्ध्यांस सांगावयाचा, भिडूस नव्हे. इतकी वर्षे आम्ही हा नियम फसवणूक टाळण्यापुरता समजत होतो. त्यात शिकणाऱ्याची बूजही राखली जाते, हे वहिनींनी दाखवून दिले.

शनिवार पुन्हा सुरू झाले. प्रारंभी वहिनी सावकाश खेळत. एका पानाला मिनिट मिनिट लागे, आणि आमची बोटे लिहिण्यासाठी शिवशिवत. अशा वेळी मास्तर दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसत, असे त्यांच्या घरून कळले. महिन्याभराने योगायोग असा की जवळजवळ तोच डाव वहिनींच्या वाट्याला आला. रंग या खेपेस बदाम होता. आखूड बाजूला एक्का, राणी, आणि समोर राजा, गुलाम, दश्शी अशी लांब माळ. वहिनींनी एक्का वाजविला, राणी वाजविली, आणि अडकल्या. डाव बुडाला. कोणी काही लिहिले नाही. पडदा अर्धा मिनिट कोराच राहिला. मग अभियंत्यांनी विचारले, "एक सांगू का?"

"थांबा," वहिनींचे उत्तर आले. "मलाच पाहू द्या." आणि थोड्या वेळाने, "अगबाई! किल्ली आतच राहिली की. दार ओढून घेतले आणि मी आपली बाहेर."

आम्ही तिघांनी कित्येक पुस्तके वाचली आहेत. त्यांत या प्रकारास 'रंग तुंबणे' अशा अर्थाची नावे आहेत. पण किल्ली आत राहून दार लागण्याची फजिती ज्याच्या घरी घडली नाही असा कोण आहे? हे नाव आम्ही त्या क्षणापासून उचलले. त्या दिवशी अभियंते बोलले असते तर वहिनींना एक नियम मिळाला असता. ते थांबले म्हणून वहिनींना किल्ली मिळाली, आणि आम्हास तिचे नाव. त्यानंतर ती चूक त्यांच्या हातून झालेली आम्ही पाहिली नाही. आमच्या हातून मात्र एकदा झाली, आणि तेव्हा पलीकडून नम्रपणे प्रश्न आला, "भाऊजी, सांगू का?"

आता आमच्या वाचकांपैकी कोणी या किंवा अशाच एखाद्या खेळात, परगावच्या अनोळखी माणसांबरोबर, पहिल्यांदा बसणार असेल, तर त्याने न विचारताही आम्ही थोडे सांगतो. आपण नवशिके आहो हे नावाखाली स्वच्छ लिहावे. त्यात कमीपणा नाही, आणि 'निष्णात' लिहिणाऱ्यांचे काय होते ते वर आलेच आहे. प्रथम चार-सहा वेळा प्रेक्षक म्हणून बसावे. मग यंत्रांबरोबर खेळावे. तेथे कितीही चुकले तरी पाहणारे कोणी नसते. माणसांत बसल्यावर पहिले पान टाकण्यापूर्वी आपले खात्रीचे हात मोजावेत. यंत्र घाई करीत नाही, घाई आपणच करतो. लांब माळेचे हात करावयाचे तर आखूड बाजूची मोठी पाने आधी मोकळी करावीत, म्हणजे किल्ली आत राहत नाही. एका सायंकाळी एकच चूक घरी न्यावी, बाकीच्या तेथेच सोडून द्याव्यात. आणि उठावयाचे झाल्यास डाव पुरा करून, दोन शब्द लिहून उठावे, कारण मागे तिघे खोळंबतात. मात्र कोणी घालूनपाडून बोलू लागल्यास डाव पुरा होताच निःशंक उठावे आणि दुसऱ्या टेबलाशी जावे. चूक आपली असली तरी अपमान सोसणे हा खेळाचा नियम नव्हे.

आणि जे आमच्यासारखे जुने आहेत त्यांस एवढेच सांगणे आहे. नवखा येतो तो आपली परीक्षा देण्यास येत नाही, आपल्या सोबतीस येतो. त्याच्यावाचून आपले टेबल तिघांचे राहील, मग दोघांचे. सल्ला बरोबर असणे पुरेसे नाही. तो घेण्यास समोरच्याचा हात मोकळा आहे का, हे आधी पाहिले पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात बँकवाले नातवंडांकडे गेले होते, तेव्हा चौथ्या जागी पुन्हा एक नवखा येऊन बसला. तिसऱ्याच डावात त्याने हुकूम काढावयाचे सोडून भलतेच पान टाकले. मास्तरांची बोटे कळफलकावर गेली असणार, हे आम्ही इकडून ओळखले. पण डाव संपेपर्यंत पडदा कोरा राहिला. मग वहिनींनी लिहिले, "तुमची बोली छान होती. खेळण्याबद्दल एक गोष्ट सांगू का?" पलीकडून 'हो' आले. वहिनींनी एक ओळ लिहिली. त्या रात्री तो नवखा अकरा डाव बसला.

तो तिरंगावाला पहिला नवखा पुन्हा कधी आमच्या टेबलाशी आला नाही. शनिवारी जागा खुली करताना आम्ही अजूनही ते नाव शोधतो. तो कोठे का असेना, कोणा बऱ्या माणसांत खेळत असावा. चुकून आलाच, तर त्याने कसेही खेळावे. आम्ही त्यास एवढेच विचारू, जे एका घरात बत्तीस वर्षे दाराशी उभे राहून कोणी आम्हास विचारीत असे, आणि ज्याचा अर्थ आम्हास तेव्हा कळला नव्हता. आता, की डाव संपल्यावर?